आठवड्याला एक सूत

दिवाळी संपली आणि माझा उजवा गुडघा दुखायला लागला. आधी जिना उतरताना, मग भाजी निवडायला खाली बसताना, मग सकाळच्या सायकलफेरीत पौड रस्त्यानं चांदणी चौकाकडे चढायला लागलं की. एकोणसाठाव्या वर्षी गुडघा दुखतो म्हटलं की कुणाला त्याचं नवल वाटत नाही. 'पुरे झाली हं आता ती सायकल' असं सांगायला जावेपासून शेजारणीपर्यंत सगळ्या टपलेल्याच असतात. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा वाकवला, सरळ केला, वाटीवर अंगठा दाबून पाहिला, फोटो काढायला लावला आणि तो उजेडाकडे धरून म्हणाले, "वयोमानाप्रमाणे ठीक आहे." वयोमानाप्रमाणे ठीक म्हणजे ठीक नाही, एवढं मराठी मला कळतं. शेक घ्यायला सांगितला, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले. दोन्ही केलं. दुखणं होतं तिथेच.

जानेवारीतली एक सकाळ. नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबले, सवयीनं डावा पाय खाली सोडला आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पाऊल पुरतं टेकलं होतं. टाच, चवडा, सगळं, आणि तेही सीटवर बसल्या बसल्या. तीन वर्षं ही सायकल चालवतेय मी. सिग्नलला माझी फक्त बोटं टेकतात, म्हणून सायकल डावीकडे कलती करून उभं राहावं लागतं आणि मागच्या रिक्षावाल्याला दर वेळी वाटतं की बाई आता पडणार. त्या दिवशी मी बागेतल्या बाकड्यावर बसावं तशी बसले होते. या वयात पाय लांब होत नाहीत. मग उरली ती सीट.

आता मागे वळून पाहिल्यावर सगळं लख्ख दिसतं. सीट खाली गेली की पायडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो, आणि दुमडलेल्या गुडघ्यानं जोर लावला की सगळा भार वाटीवर येतो. मिनिटाला साठ फेरे म्हटले तरी अर्ध्या तासात अठराशे वेळा. पण हे एका दिवसात झालं असतं तर मी दुसऱ्याच चौकात उतरले असते. रोज केसभर खाली गेलं की अंग तक्रार करत नाही, मुकाट्यानं जुळवून घेतं. मीही घेतलं. डॉक्टरांनी वय विचारलं, वजन विचारलं, जिने किती चढता विचारलं. सीट केवढी उंच आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि मला सुचलं नाही.

कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात गेले. मुलगा अदबशीर. "सीटपोस्ट सरकतोय काकू, टाइट करून देतो." त्यानं सीट वर ओढली, एलन की लावली, तिच्या शेपटाला लोखंडी नळीचा तुकडा जोडून लांबी वाढवली आणि दात आवळून एक शेवटचा पीळ दिला. पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, "आता हत्ती बसला तरी हलणार नाही." हे माझ्याकडे बघून म्हणायचं काही कारण नव्हतं, पण असो.

घरी आल्यावर सीटचा दांडा क्लॅम्पमध्ये शिरतो त्या जागी मी नेलपॉलिशची एक बारीक लाल रेघ ओढली. लग्नकार्यासाठी आणलेली बाटली. त्यानंतर कधी उघडलीच नव्हती, म्हणून थोडी घट्ट झाली होती, पण रेघ झकास उमटली. आठ दिवसांनी पाहिलं तर रेघ आत बुडालेली. सीट हळूहळू वर ओढून रेघ पुन्हा काठाशी आणली आणि किती वर यावं लागलं ते पट्टीनं मोजलं. एक सूत.

सूत हे माप आता कुणाला सांगावं लागतं. इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरला थोडं वर. सुतार अजून वापरतात, फॅब्रिकेशनवाले वापरतात, आणि आमच्या घरात कोथिंबिरीच्या वड्यांची जाडीसुद्धा सुतात सांगितली जायची, कारण माझे वडील, अण्णा, फिटर होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. १८६९ साली इंग्रजांनी काढलेला तो कारखाना. त्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा सुटायचा. अण्णांच्या खिशात घडीची पोलादी पट्टी कायम असायची. दिवाळी ते मध्य जानेवारी दहा-अकरा आठवडे, आठवड्याला एक सूत, म्हणजे सव्वा इंच. माझ्या पावलाचा आणि नळ स्टॉपच्या डांबराचा हिशेब बरोबर जमला.

सीट सरकण्याची गोष्ट निघाली की अण्णांची सायकल आठवते, पण अगदी उलट्या कारणासाठी. ती मुळात मोठ्या काकांची. हर्क्युलिस, चोवीस इंची, काळी. काका सहा फुटांना टेकलेले, अण्णा पाच फूट चार इंच. काका नोकरीसाठी नागपूरला गेले तेव्हा सायकल धाकट्या भावाला ठेवून गेले. अण्णांनी सीट खाली घ्यायची ती उद्या घेऊ, रविवारी घेऊ म्हणत लांबवली, आणि १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासलाही. आमचं घर नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. माणसं वाचली. सायकल मात्र वाड्याच्या चिखलात किती दिवस पडून होती कोण जाणे. काढली तेव्हा तिच्या नळीतून गाळ निघाला. छर्रे बदलले, चेन बदलली, रिमा घासून काढल्या, आरे नवे घातले. सीटचा दांडा मात्र नळीत गंजून एकजीव झाला होता. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. दांडा आणि नळी यांच्यातली इवलीशी फट त्यानं आतून ठासून भरून टाकली होती. अण्णांनी रॉकेल ओतून ठेवलं, उकळतं पाणी ओतलं, कारखान्यातल्या दोस्ताला बोलावून शेगड्यात धरून पिळलं, मारतुलानं ठोकलं. दांडा हलला नाही.

कापून काढता आला असता. आई एकदा म्हणाली तसं. अण्णा म्हणाले, "कापायला काय, कुणीही कापेल." फिटरची ऐट. मग त्यांनी स्प्रिंगवाली जाड सीट काढून स्वस्तातली चपटी सीट बसवली, एक इंच मिळवला, आणि निवृत्त होईपर्यंत, १९९३ पर्यंत, काकांच्या उंचीवर बसून खडकीला जा-ये केली. पायडल खाली गेलं की त्या बाजूची कंबर खाली, मग दुसरी. लांबून अण्णा दिसायच्या आधी त्यांचं डुलणं दिसायचं. लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत आम्ही मुलं त्यावरून त्यांना ओळखायचो. त्यांचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते, कंबर गेली. सीट उंच असली की कंबर जाते, बुटकी असली की गुडघे. हे मला आता कळतं.

माझ्या सायकलीच्या बाबतीत मात्र अण्णांनी ती चूक होऊ दिली नाही. आठवीत मला हिरवी लेडीज सायकल मिळाली. दर जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या रविवारी ते अंगणात वर्तमानपत्र पसरायचे, सीटचा नट सैल करून दांडा पुरता बाहेर काढायचे, पुसायचे, पुन्हा घालायचे आणि मला सायकलवर बसवून एक टाच पायडलवर ठेवायला सांगायचे. पायडल सगळ्यात खाली, टाच त्यावर, गुडघा सरळ. टाच उचलली जात असेल तर सीट उंच, गुडघा वाकलेला राहिला तर बुटकी. चवड्यानं पायडल मारलं की आपोआप थोडा वाक मिळतो. दर जूनला दोन-तीन सूत. त्या दांड्यावर पान्यानं आवळल्याचे वळ एकाखाली एक उमटले होते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं उंचीच्या रेघा मारतात तसे. अकरावीत सीट वर घ्यायची थांबली. मला वाईट वाटलं होतं.

तर, आता माझी लाल रेघ बुडाल्यावर दुकानात पुन्हा जाण्यात अर्थ नव्हता. हत्तीच्या गोष्टीवरच मला शंका आली होती. मुलानं जीव खाऊन आवळलं तरी दांडा सरकतो, म्हणजे त्याचं आवळणं दांड्यापर्यंत पोचतच नाही. शनिवारी दुपारी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं. नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा. "दुकानात टाकली असतीस तर..." असं वाक्य त्यानं सुरू केलं आणि माझा चेहरा बघून तिथेच सोडलं.

दांडा बाहेर काढला आणि बोटं चिकट झाली. पिवळं ग्रीस. दांड्याला वरपासून खालपर्यंत चोपडलेलं, नळीच्या आतही. हे आलं कुठून? मग आठवलं. दिवाळीच्या साफसफाईच्या धडाक्यात मी त्याच दुकानात सायकलीचंही सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. धुऊन, पुसून, जिथे म्हणून दोन भाग एकमेकांत जातात तिथे ग्रीस भरून नवी नवरी करून दिली होती त्यांनी. मी खूश होऊन वरचे पैसेही ठेवून घ्या म्हटलं होतं.

ही सायकल मी सोसायटीतल्या, एका कंपनीत काम करणाऱ्या मुलाकडून जुनी घेतली, २०२२ मध्ये. हा दांडा एकदा बसवल्यावर त्यानं बहुधा कधी काढलाच नव्हता, मीही नाही. तीन वर्षं पौड रस्त्याची धूळ त्या फटीत बसत गेली असणार, पावसात भिजून आणि उन्हात वाळून तिचा लगदा झाला असणार. आणि सीट त्या लगद्यावर उभी होती. घाण होती म्हणून धरून होती. मी ती धुऊन काढायला लावली आणि वर तूप लावलं.

पण नुसतं ग्रीस कारण असतं तर आवळल्यावर थोडं तरी थांबायला हवं होतं. म्हणून अण्णांचा व्हर्नियर काढला. निवृत्तीनंतर त्यांनी तो मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणला होता. बुधवारी आणि रविवारी भरतो तो. व्हर्नियर घ्यायचं काही कारण नव्हतं. कारखाना सुटला होता, मोजायला घरात काही नव्हतं. पण दर बुधवारी जाऊन यायचे. त्या व्हर्नियरनं त्यांनी एकदा आईच्या पाटल्यांची जाडी मोजून सोनाराशी वाद घातला होता, तेवढाच त्याचा उपयोग मला आठवतो. मखमलीच्या खोक्यात तो अजून चकचकीत आहे. दांडा मोजला, तीन ठिकाणी, फिरवून फिरवून. २७.० मिलिमीटर. मग उलटे जबडे नळीत घालून नळीचा आतला व्यास मोजला. २७.२.

हे दांडे बाजारात ०.२ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात. २५.४ चे जुने इंग्रजी पद्धतीचे, २७.२ चे सर्वांत रुळलेले, जाड नळ्यांच्या सायकलींना ३०.९ आणि ३१.६. दोन दशांशाचा फरक डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही. आधीच्या मालकानं कधीतरी दांडा बदलला असणार आणि दुकानदारानं हाताला लागेल तो दिला असणार. आता क्लॅम्प म्हणजे काय, तर एका बाजूनं चिरलेलं कडं. बोल्ट आवळला की चिरेचे दोन ओठ जवळ येतात आणि कडं नळीला दाबतं, नळी दांड्याला दाबते. दांडा बारीक असला की तो नीट दाबला जायच्या आधीच ओठ एकमेकांना टेकतात. त्यानंतर कितीही आवळा, बोल्ट आपल्याच ओठांना दाबत बसतो. माझ्या क्लॅम्पचे ओठ टेकून चेपले होते. दुकानातल्या मुलाचा शेवटचा पीळ तिथे गेला.

नवा दांडा मागवता आला असता. चार-सहाशे रुपये, तीन दिवसांत घरपोच. पण फट दोन दशांश, म्हणजे चारी बाजूंनी एक दशांश मिलिमीटर, आणि एवढ्या जाडीचा पत्रा कुठे मिळतो ते मला माहीत होतं. शीतपेयाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याची भिंत साधारण तेवढीच असते. तिचा एक वेढा दांड्याभोवती दिला की २७.० चे २७.२ होतात. अण्णा याला पॅकिंग म्हणायचे, आणि पॅकिंग लावणं हे त्यांच्या मते कमीपणाचं काम होतं. 'माप चुकलं म्हणून पॅकिंग' असं ते दुसऱ्याच्या संसाराबद्दलसुद्धा म्हणत. तरीही त्यांच्या पेटीत पत्र्याच्या कातरणांची एक डबी होती.

आमच्या घरात डबा नव्हता. आम्ही दोघंही ताक पिणारी माणसं. रविवारी सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना जिन्यात गाठलं. म्हटलं, एक रिकामा डबा मिळेल का, कोल्ड ड्रिंकचा, बिअरचा, कसलाही. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे दारात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे.

"कशाला पाहिजे, काकू?"

"सायकलला लावायचाय."

"डबा?" मग त्यांनी सुक्या कचऱ्याची पोती चाचपली. "तिसऱ्या मजल्यावरचे असतात शनिवार-रविवारचे. चेपलेला चालंल का?" चेपलेला चालणार नव्हता. त्यांनी तळापर्यंत हात घालून एक धड डबा काढला, लाल. देताना म्हणाल्या, "याला भाव बरा येतो काकू. प्लास्टिकपेक्षा चांगला." मी दहाची नोट काढली तर हसून हात मागे घेतला. "एकच आहे. राहू द्या."

डब्याचं तोंड आणि बूड कात्रीनं कापलं. मधला पत्रा इतका पातळ की कागदासारखा कापला जातो आणि इतका धारदार की बोट कसं कापलं ते कळलंही नाही. हळद लावली. नवऱ्यानं धनुर्वाताच्या इंजेक्शनचा विषय काढला. मी पत्र्याची पट्टी दांड्याभोवती गुंडाळून पाहिली. २७ मिलिमीटर व्यास, म्हणजे परीघ पंचाऐंशीच्या आसपास. दोन कडा एकमेकींवर चढता कामा नयेत, नाहीतर तिथे दुप्पट जाडी होते. म्हणून मिलिमीटर-दोन मिलिमीटर फट ठेवून कापली. पट्टीची उंची चार बोटं ठेवली आणि वरच्या कडेला थोडे थोडे चीर देऊन ती बाहेर मुडपली. परकराच्या नेफ्यासारखी, म्हणजे पट्टी नळीत घसरून जाणार नाही. डब्याला बाहेरून रंग आणि आतून गुळगुळीत लुकणाचा थर असतो. दोन्ही पॉलिश पेपरनं घासून काढले. गुळगुळीतपणाच आपला शत्रू.

आता ग्रीस. अण्णांच्या काळी प्रत्येक घरात रॉकेल होतं, आता पुण्यात कुणाकडे मिळत नाही. कपाटात २०२० सालच्या सॅनिटायझरच्या तीन बाटल्या होत्या. त्या वापराव्यात असा मोह झाला, पण त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घालतात. ग्रीस काढून ग्लिसरीन लावण्यात काय हशील. शेवटी भांड्याचा साबण, गरम पाणी, मग शिलाईयंत्र पुसायला ठेवलेलं स्पिरिट. लाटण्याला जुना पंचा गुंडाळून नळी आतून पुसली. पंचा पांढरा बाहेर येईपर्यंत. लाटणं नंतर धुतलं, हे नमूद करते.

सगळं कोरडं झाल्यावर दांडा, त्यावर पत्रा, नळीत. हातानं ढकलताना अडकत अडकत, चुरचुर आवाज करत गेला. तो आवाज ऐकूनच बरं वाटलं. पत्र्याची फट मागच्या चिरेशी जुळवली.

आणि मग उरलेलं ग्रीस मी बोल्टला लावलं. आट्यांना आणि बोल्टच्या टोपीखाली.

हे मला अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं. ते फक्त करायचे. दांडा कोरडा ठेवायचे आणि नटाला तेलाचा थेंब द्यायचे, आणि लहानपणी मला ते उलटं वाटायचं. नट घट्ट बसायला हवा, त्याला तेल कशाला? आता कागदावर मांडून पाहिलं तेव्हा समजलं. आपण पान्यानं जेवढा जोर लावतो त्यातला बराचसा आट्यांच्या आणि टोपीच्या घर्षणात जातो, जेमतेम दहावा हिस्सा प्रत्यक्ष आवळण्याच्या कामी येतो. आटे कोरडे आणि गंजलेले असले की तोही येत नाही. हाताला वाटतं घट्ट झालं, मनगट दुखतं, आणि दांड्याला त्याची खबरही नसते. दुकानातल्या मुलाच्या सर्व्हिसिंगमध्ये बोल्ट तेवढा कोरडा राहिला होता आणि दांडा माखला होता. ग्रीस तेच, डबी तीच, फक्त जागांची अदलाबदल.

या सगळ्याच्या मुळाशी जे घर्षण आहे त्याचा नियम १६९९ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे अमाँतों नावाच्या माणसानं मांडला. लहानपणीच त्याचे कान गेले होते. तो म्हणाला, घर्षण किती लांबीरुंदीचा पृष्ठभाग टेकतो यावर ठरत नाही, किती दाबानं टेकतो यावर ठरतं. लिओनार्दोच्या वह्यांतही हे होतं, पण वह्या मिटलेल्या राहिल्या. सायकलच्या सीटखाली ना खिळा आहे, ना खाच, ना टाचणी. सत्तर किलोचं माणूस खड्ड्यांतून आदळत जातं आणि त्याला अधांतरी धरून ठेवतो तो केवळ दाब. म्हणून तो दाब पोचला पाहिजे.

क्लॅम्पवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ५ न्यूटन मीटर. यासाठी वेगळा पाना मिळतो, माझ्याकडे नाही. पण हिशेब स्वयंपाकघरातला आहे. १० सेंटिमीटर लांबीच्या एलन कीच्या टोकाला पाच किलोची पिठाची पिशवी टांगली तर जेवढा ओढा बसेल तेवढा. मी खरोखरच एकदा पाच किलोची आट्याची पिशवी बोटावर टांगून पाहिली, बोटाला ओळख पटावी म्हणून. मग तेवढ्याच जोरानं की फिरवली. बोल्ट चांगला, आटे ओले असतील तर एवढ्या हलक्या ओढ्यातून ६ मिलिमीटरचा बोल्ट चारशे किलोच्या आसपास पकड देतो. क्लॅम्पचे ओठ जवळ आले आणि टेकायच्या आत थांबले. मध्ये कागद जाईल एवढी फट. अण्णा म्हणायचे, पाना मनगटानं फिरवावा, खांद्यानं फिरवायला लागलं तर आधी काहीतरी चुकलेलं आहे. ते नळांच्या पान्याबद्दल म्हणायचे.

उंची ठरवायला टाचेची रीत पुरेशी होती, पण डोक्यात शास्त्र शिरलं होतं. १९६७ मध्ये हॅमली आणि थॉमस या दोघांनी प्रयोग करून काढलेला एक आकडा आहे. पायाच्या आतल्या बाजूची लांबी, तिच्या १०९ टक्के अंतर पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत. लांबी मोजायला भिंतीला पाठ लावून, मांड्यांमध्ये जाड पुस्तक वर दाबून धरायचं असतं. कपाटात सगळ्यात जाड होता तो शब्दकोश. हात पुढे गेला आणि परत आला. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरात वाढलेय मी. शेवटी माळ्यावरची टेलिफोन डिरेक्टरी निघाली, तिला अखेर एक काम मिळालं. बहात्तर सेंटिमीटर. म्हणजे सीट साडेअठ्ठ्याहत्तरवर. दांड्यावर कंपनीनं कोरलेली एक आडवी खूण असते, यापेक्षा वर काढू नका अशी. ती नळीच्या आत राहिली. मग अण्णांच्या रीतीनं टाच ठेवून पाहिली. दोन्ही उत्तरं अर्ध्या सुताच्या आत जुळली. हॅमली आणि थॉमस यांना बरं वाटलं असतं.

नवी लाल रेघ ओढली.

पहिल्या दिवशी मी रस्त्याकडे कमी आणि रेघेकडे जास्त पाहिलं. नळ स्टॉपला बोटं टेकली, सायकल कलली, मागे रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. आठ दिवस झाले, रेघ काठाशी. पंधरा दिवस झाले. गुडघ्याचं म्हणाल तर एकदम काही जादू झाली नाही. महिनाभरानं कधीतरी लक्षात आलं की भाजी निवडून झाल्यावर मी भिंतीला हात न लावता उठले. ते नेमकं कोणत्या दिवशी झालं ते सांगता येणार नाही. दर पावसाळ्यानंतर दांडा काढून पुसायचा, असं मात्र मी दिनदर्शिकेत लिहून ठेवलंय. ओल्या सांध्यात दोन धातू फार काळ एकत्र राहिले की काय होतं ते आमच्या घरानं बत्तीस वर्षं पाहिलंय.

फेब्रुवारीत एकदा सायकल बाहेर काढत होते तेव्हा कचऱ्याच्या ताई गाडी ढकलत फाटकातून आत येत होत्या. थांबल्या.

"काकू, आमच्या डब्याचं काय झालं?"

मी सीटखाली बोट दाखवलं. क्लॅम्पच्या वर पत्र्याची मुडपलेली कड दिसते, तिच्यावर घासायचा राहून गेलेला लाल रंगाचा टिकलीएवढा ठिपका आहे. त्यांनी वाकून पाहिलं. बोटानं चाचपलं. सीटवर दोन्ही हात ठेवून पूर्ण भार टाकून दाबून पाहिलं.

"हलत न्हाई," म्हणाल्या. मग स्वतःच्या ढकलगाडीकडे मान वळवून, "हे पुढचं चाक बगा की. आवळलं की दोन दिस सरळ, पुन्हा आपलं लटपट. दुकानवाला म्हणतो नवंच घ्या."

मी खाली बसले. गुडघा जरा कुरकुरला. आसाच्या नटावर माती आणि केसांचा गुंता बसला होता, खालचे आटे दिसत नव्हते. वर बाल्कनीकडे बघून नवऱ्याला हाक मारली.

"अहो, अण्णांची पेटी खाली द्या. आणि ते स्पिरिट पण."